ते बीज आणि ती बीज

माझ्या भाच्याला मराठीच्या पेपरात 'लिंग ओळखा' मध्ये बीज हा शब्द आला होता. पठ्ठ्यानं लिहिलं 'ती बीज', बाईंनी लाल रेघ मारली, आणि घरी आल्यावर माझ्याशी भांडण, की मामा आपण भाऊबीज 'ती' म्हणतो ना, 'भाऊबीज झाला' किंवा 'भाऊबीज झालं' असं कोणी म्हणत नाही, मग बीज 'ते' कसं झालं? मी आपलं मोठ्या माणसाच्या थाटात सांगून टाकलं की बीज म्हणजे बी, नात्याचं बी, भावाबहिणीच्या प्रेमाचं बी वगैरे वगैरे. रात्री झोपताना स्वतःलाच पटेना म्हणून शोधायला बसलो आणि लक्षात आलं की मी साफ थाप मारली होती. पोरगं बरोबर होतं, म्हणजे अर्ध बरोबर होतं, कारण मराठीत बीज नावाचे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

आधी भाऊबीजवाली बीज उरकून घेऊ. ही बीज म्हणजे द्वितीया, चंद्राची दुसरी तिथी, बास. संस्कृत शब्द लोकांच्या तोंडात शेकडो वर्षं घोळत राहिला की त्याचे कोपरे झिजतात तसा द्वितीया शब्द प्राकृतात झिजला, आणि झिजत झिजत बीज झाला. प्रतिपदेचा पाडवा झाला, तृतीयेची तीज झाली, चतुर्थीची चौथ झाली, त्याच रांगेत द्वितीयेची बीज उभी आहे. आता 'द्व' चा 'ब' कसा झाला असं वाटेल तर पाढे म्हणून बघा. बे एके बे, बे दुणे चार. तो बे म्हणजे द्वे. द्वादशचे बारा झाले, द्वाविंशतीचे बावीस झाले, तिथेही तोच ब. म्हणजे भाऊबीजेतला 'बी' हा शेतातल्या बी चा नातेवाईक नाही, तो दोनाच्या पाढ्यातल्या 'बे' चा सख्खा भाऊ आहे. आणि द्वितीया स्त्रीलिंगी म्हणून बीज स्त्रीलिंगी.

व्याकरण विसरलात तरी आपली जीभ विसरत नाही. आपण 'भाऊबीजेला येतो' म्हणतो, 'तुकाराम बीजेला जाऊ' म्हणतो, बीजे. पण बियाण्याबद्दल बोलताना 'बीजाला कीड लागली', 'बीजाचा अंकुर', तिथे बीजा. एक मात्रा इकडची तिकडे होत नाही, कोणी शिकवलेलं नसतं तरी. मला ही गोष्ट जाम आवडली कारण हा सगळा दीड दोन हजार वर्षांचा हिशोब आपण रोज न कळत बरोबर करत असतो.

आता दुसरं बीज, नपुंसकलिंगी, आणि खरी मजा इथे आहे. कारण हा शब्द नुसता बी या अर्थाचा राहिलेला नाही, सुरुवात आणि कल्पना म्हटलं की मराठी माणूस सगळ्यात आधी याच्याकडे हात टाकतो. गोष्टीचं असतं ते कथाबीज, धंद्याला लागतं ते बीजभांडवल, मंत्राच्या पोटातला मंत्र तो बीजमंत्र, परिषदेच्या सुरुवातीला पाहुणे करतात ते बीजभाषण. या बीजभाषणावर जरा थांबा. इंग्रजीत त्याला कीनोट म्हणतात, म्हणजे गाण्याआधी देतात तो सूर, सगळ्यांनी ज्यात गायचं तो. हा शब्द मराठीत आणायची वेळ आली तेव्हा कोणीतरी सूरबिर बाजूला ठेवला आणि सरळ बी पेरलं. सूरभाषण पण चाललं असतं की, पण नाही, सुरुवात म्हटली की आपल्या डोक्यात माती, ओल आणि बी हेच येतं.

पण मग शेतात काय म्हणतात? शेतात बी म्हणतात, बिया म्हणतात, बियाणं म्हणतात. 'यंदा बी कुठलं आणलं?' असं विचारतात, 'यंदा बीज कुठलं आणलं?' असं विचारलं तर समोरचा वर बघेल की हा कुठून आला. बी आणि बीज मुळात एकच शब्द आहे पण दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी आपल्यापर्यंत आलाय. संस्कृत बीज प्राकृतातून येताना मधला ज गळून पडला आणि बी उरलं, जसं राजकुलाचं राऊळ झालं, तिथेही ज गेला. हे झालं घरचं, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. नंतर विद्वान लोकांनी पोथीतून तोच शब्द परत उचलला, ज सकट, कोरा करकरीत, आणि त्याला मोठमोठ्या कामांना लावलं. त्यामुळे वाटणी अशी झाली की जे मातीत पडतं ते बी आणि जे डोक्यात पडतं ते बीज. ही वाटणी अगदी कडक नाहीये, कृषी खातं बीजप्रक्रिया आणि बीजोत्पादन म्हणतंच, पण ती भाषा सरकारी आहे, पेरणीच्या गडबडीत तोंडातून निघणारी नाही.

गंमत अशी की जो शब्द संस्कृत वाटतो ती भाऊबीजेतली बीज खरी लोकांच्या तोंडातून आलेली, आणि कथाबीजातलं बीज पोथीतून उतरवलेलं, आणि दोन्ही लिहायला अगदी सारखी. म्हणून तर मी फसलो ना.

बीज हा शब्द फार जुना आहे, ऋग्वेदात आहे. दहाव्या मंडलात शेतकामाचे शब्द येतात, नांगर जोडा, जू पसरा, आणि मग 'कृते योनौ वपतेह बीजम्', तयार केलेल्या जागी इथे बी पेरा. जागेसाठी शब्द काय वापरलाय ते बघा, योनी. म्हणजे एवढ्या जुन्या ओळीतसुद्धा शेत आणि शरीर एकमेकांत मिसळलेलंच आहे. अमरकोशात येईपर्यंत तर बीज शब्द पार अमूर्त झालेला दिसतो, तिथे 'हेतुर्ना कारणं बीजम्' अशी ओळ आहे, हेतू, कारण आणि बीज हे तिन्ही एका माळेत. म्हणजे 'या भांडणाचं बीज कशात होतं' असं आज आपण म्हणतो ते काही नवीन फॅशन नाही, कारण या अर्थानं बीज कोशात कधीच जाऊन बसलंय.

आता हा शब्द कल्पनेला इतका चपखल का बसतो? माझं म्हणणं असं की ज्यांनी तो वापरला त्यांनी बी फोडून बघितलं होतं. तुम्हीही बघा, एक कच्चा शेंगदाणा घ्या, भाजलेला नको, लाल साल काढा आणि दोन पाकळ्या हळूच वेगळ्या करा. एका टोकाला बारीक टोचरं काहीतरी दिसेल, खाताना आपण बघत पण नाही. भिंग असेल तर लावा. त्याचं बाहेरचं टोक म्हणजे होणारं मूळ, आणि आतल्या बाजूला पिसासारखी दिसतात ती चक्क पानं आहेत, घडी घालून ठेवलेली. आणि त्या दोन जाड पाकळ्या म्हणजे त्याची शिदोरी. म्हणजे बी ही सुरुवात नाहीच खरं तर, सुरुवात आधी फुलात होऊन गेलीय, बी म्हणजे सुरू होऊन मध्येच थांबवलेलं रोप, सोबत डबा दिलेला, आणि पाणी मिळेपर्यंत गप्प बस असं सांगितलेलं. किती गप्प? इस्राएलमध्ये मसादा नावाचा जुना किल्ला आहे तिथे उकरताना खजुराच्या बिया सापडल्या, साधारण २००० वर्षं जुन्या, आणि त्यातली एक २००५ साली पेरल्यावर उगवली. २००० वर्षं! आपल्याला एखादी आयडिया सुचते, वहीत पडून राहते आणि दहा वर्षांनी एकदम कामाला येते, त्याला बीज नाही म्हणायचं तर काय म्हणायचं.

छांदोग्य उपनिषदात बी फोडून बघायचा प्रयोगच आहे. उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, वडाचं फळ आणायला सांगतो, फोड म्हणतो, आत काय दिसतं, तर बारीक दाणे, त्यातला एक फोड, आता काय दिसतं, तर काहीच नाही. बाप म्हणतो की तुला जे दिसत नाहीये ना त्यातूनच हा एवढा मोठा वड उभा आहे. तिथे शब्द मात्र बीज नाहीये, 'धाना' आहे, दाणे. पण मुद्दा तोच.

बीजाची सगळ्यात भारी झेप कुठे असेल तर ती गणितात. आपण शाळेत बीजगणित बीजगणित करतो पण त्यात बी कुठे आहे हा प्रश्न मला तरी दहावीपर्यंत पडला नव्हता, पास होण्याची चिंता जास्त होती. शब्द भास्कराचार्यांच्या आधीचा आहे पण तो पक्का केला त्यांनीच. ११५० साली, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला, त्याचे चार भाग, लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. त्या काळी गणिताचे दोन प्रकार मानत, व्यक्त आणि अव्यक्त. व्यक्त म्हणजे आकडे समोर दिसतायत, करा बेरीज. अव्यक्त म्हणजे एक संख्या आहे पण ती किती ते माहीत नाही, ती लपलेली आहे. बीजगणिताच्या अगदी पहिल्या श्लोकात भास्कराचार्यांनी श्लेष केलाय, 'व्यक्तस्य कृत्स्नस्य तदेकबीजम्', सगळ्या व्यक्ताचं जे एकमेव बीज त्या अव्यक्ताला मी वंदन करतो. ते अव्यक्त म्हणजे सांख्य तत्त्वज्ञानवाल्यांची प्रकृती, म्हणजे जगाचं मूळ, तेच म्हणजे ईश्वर, आणि तेच म्हणजे हे गणित, एका वाक्यात तीन पक्षी. म्हणजे अंकगणित हे झाड आणि न दिसणाऱ्या संख्येचं गणित हे त्याचं बी असा त्यांचा हिशोब.

आणि ती न दिसणारी संख्या ते लिहायचे कशी? आपण क्ष लिहितो, ते 'या' लिहायचे. या म्हणजे यावत्तावत्, जितकं असेल तितकं. किती सुंदर नाव आहे, किती आहे माहीत नाही पण जितकं आहे तितकं. अजून एक अज्ञात संख्या लागली तर रंग सुरू, कालक म्हणजे काळा, नीलक निळा, पीतक पिवळा, लोहितक लाल, आणि लिहिताना फक्त का, नी, पी, लो. नुसत्या आकड्याला रूप, म्हणजे रू. 'या ३ रू ५' असं दिसलं की समजायचं तीन क्ष अधिक पाच. आजच्या पाठ्यपुस्तकातला 'बैजिक राशी' हा दातात अडकणारा शब्द आठवतोय का? तो बैजिक म्हणजे बीजाचा, बाकी काही नाही.

आता हेच गणित पश्चिमेकडे कुठल्या नावानं गेलं ते बघा. बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी नावाचा गणिती होऊन गेला, साधारण ८२० च्या आसपास त्यानं या विषयावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावात अल-जब्र होतं, त्यातून अल्जिब्रा आला (आणि त्याच्या स्वतःच्या नावातून अल्गोरिदम, माणसानं दोन शब्द देऊन ठेवलेत जगाला). जब्र म्हणजे तुटलेलं परत जागेवर बसवणं. वजा झालेलं पद समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन भरपाई करायची ते. स्पॅनिशमध्ये तर आल्जेब्रिस्ता म्हणजे चक्क हाडं बसवणारा माणूस. एकच विषय, एकाला त्यात हाडवैद्य दिसला आणि दुसऱ्याला बी दिसलं. एकानं रीत बघून नाव ठेवलं, दुसऱ्यानं जे शोधायचंय ते बघून. कुठलं चांगलं ते विचाराल तर मी उघड उघड आपल्या बाजूनं आहे, पण पोरांना समीकरण सोडवायला शिकवताना हाडवैद्य जास्त कामाचा, हे पण कबूल.

नाटकवाल्यांनीही बीज घेतलं. नाट्यशास्त्रात कथानकाचे पाच घटक आहेत, बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य, आणि बीज म्हणजे काय तर सुरुवातीला अगदी थोडक्यात टाकून दिलेली गोष्ट जी पुढे नाना प्रकारे पसरत जाते. शाकुंतलाच्या पहिल्याच अंकात राजा हरणाच्या मागे येतो, तपस्वी त्याला अडवतात, तो बाण मागे घेतो, आणि ते आशीर्वाद देतात की तुला चक्रवर्ती मुलगा होवो. बघणाऱ्याला वाटतं शिष्टाचार आहे, आशीर्वाद काय कोणीही देतं. आणि शेवटच्या अंकात एक छोटा मुलगा सिंहाच्या छाव्याचं तोंड उघडून दात मोजायला निघालेला दिसतो, तो राजाचाच मुलगा. पेरलं कधी आणि उगवलं कधी. आज वेब सीरिजवाले पहिल्या एपिसोडमध्ये काहीतरी सहज दाखवून ठेवतात आणि आठव्यात ते बाहेर काढतात, आपण म्हणतो काय लिहिलंय राव, हे तेच.

एक बाजू मात्र मला जरा विचारात पाडून गेली. बी आणि शेत ही उपमा माणसाच्या जन्माला लावली तेव्हा जुन्या लोकांनी वाटणी सरळ करून टाकली. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय की बाई म्हणजे क्षेत्र आणि पुरुष म्हणजे बीज. म्हणजे सुरुवात कोणाची तर पुरुषाची, बाई फक्त जमीन. आणि मग पीक कोणाचं, बी वाल्याचं की शेतवाल्याचं, यावर लांबलचक चर्चा. आता आजची मराठी ऐका. सोनोग्राफीच्या रूमबाहेर बसलेल्या बाया काय बोलतात, 'बीज तयार झालंय पण फुटलं नाही अजून', 'डॉक्टर म्हणाले बीजाची वाढ चांगली आहे'. कोणाचं बीज? बाईचं. स्त्रीबीज. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञानं सस्तन प्राण्यांमधलं बीजांड १८२७ साली पहिल्यांदा नीट दाखवून दिलं, माणसाचं असतं ते साधारण ०.१ मिलिमीटरचं, नीट बघितलं तर नुसत्या डोळ्यांनी ठिपका दिसावा एवढं. पुढे मराठीत त्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा बीज शब्द उचलून बाईच्या बाजूला ठेवला गेला, आणि मनुस्मृतीतली वाटणी पार उलटी झाली, तीही कुठलं आंदोलन न होता, दवाखान्याच्या बाकड्यावर बसल्या बसल्या.

गर्भ आणि विचार एकाच शब्दात कोंबायची खोड आपल्यालाच आहे असं नाही बरं का. इंग्रजीत कन्सेप्शन म्हणजे गर्भ राहणं आणि कन्सेप्ट म्हणजे संकल्पना, दोन्ही एकाच लॅटिन क्रियापदातून, अर्थ आत घेणं, धरणं, आणि लॅटिनमध्येच त्याचे दोन्ही अर्थ होते. आपण काय करतो? गर्भधारणा म्हणतो आणि 'लोकांची अशी धारणा आहे' पण म्हणतो. तिकडेही धरणं, इकडेही धरणं. आणि सेमिनार! दर दुसऱ्या आठवड्याला कुठला ना कुठला सेमिनार असतो, त्याचं मूळ लॅटिन सेमिनारियम, अर्थ रोपवाटिका, कारण सेमेन म्हणजे बी. म्हणजे एसी हॉलमध्ये स्लाइड बघत पेंगणारे आपण सगळे वाफ्यातली रोपं. जर्म हा शब्द आपण जंतूला वापरतो, तो मुळात अंकुर. सीझन म्हणजे मुळात पेरणी. जगभर माणसानं सुरुवातीचे शब्द शेतातूनच उचललेत असं दिसतं, अपवाद आयडियाचा, तो ग्रीक शब्द बघणे या अर्थाच्या धातूतला आहे, आपल्या विद् आणि वेदचा लांबचा चुलत भाऊ.

बीज आधी की अंकुर आधी यावर आपल्याकडे बीजांकुरन्याय नावाचा प्रकार आहे, म्हणजे बी शिवाय झाड नाही आणि झाडाशिवाय बी नाही, मागे मागे जात बसा, शेवट लागत नाही. कर्म आधी की जन्म आधी असल्या वादात हा न्याय काढायचे. त्यातून सुटायचा मार्ग कोणी सांगितला असेल तर तो तुकोबांनी, नेहमीप्रमाणे एका ओळीत. 'बीज भाजुनि केली लाही', बी भाजूनच टाकलं, आता पेरलं तरी उगवणार नाही, जन्ममरणाची कटकट संपली. मघाशी शेंगदाणा भाजलेला नको म्हणालो ते यासाठीच, भाजला की तो खायचा झाला, पेरायचा नाही. आणि ज्यांनी बीज भाजलं त्यांच्याच नावानं फाल्गुन वद्य द्वितीया तुकाराम बीज म्हणून ओळखली जाते. फक्त ती बीज. ते नाही.

भाच्याला हे सगळं सांगितलं, थोडं कमी करून, मनुस्मृती गाळून. थाप मारल्याची कबुलीही दिली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग बिजापूर यातलं कुठलं, ते की ती? म्हटलं कुठलंच नाही बाबा, ते मुळात विजयपूर, व चा ब झाला, २०१४ पासून कागदोपत्री परत विजयपूरच आहे. म्हणाला, म्हणजे तीन बीज झाल्या की, आणि खेळायला पळाला. झाल्या की झाली, ते पण आता विचारायला हवं होतं.